छतातली खिडकी उघडीच राहील

प्रिय भिंगरी,

तुझ्या दारामागच्या खिळ्यावरून आमच्या बोटीची किल्ली गायब झाली आहे, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. कामवाल्या बाईंवर आळ घेऊ नकोस. मीच नेली. रविवारी जेवून निघताना तू डबा भरायला आत गेलीस आणि मी ती पर्समध्ये टाकली. मोतीबिंदू काढल्यापासून मला फार स्वच्छ दिसतं, त्यात खिळाही दिसला.

रविवारी तू बोट विकण्याबद्दल बोलत होतीस आणि मी गप्प होते. मी गप्प म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे तुला कळायला हवं होतं. जावईबापूंसमोर तुला बोलायचं नव्हतं म्हणून घास गिळत राहिले. आता पत्रात मला मध्येच तोडता येणार नाही, तेव्हा निवांत बसून वाच.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी तुझ्याकडे राहिले, त्या दिवसांत तुम्ही दोघं बोटीवर जाऊन आलात. जोराचा पाऊस येणार होता, आईचं घर भिजू नये, ही तुमची माया. मायेबद्दल माझी तक्रार नाही. पण तू बादल्या भरभरून पाणी ओतून फरशी पुसलीस, बैठकीच्या गाद्यांचे अभ्रे धुऊन दमट असतानाच परत चढवलेस, तुझ्या बाबांचा ओला रेनकोट कपाटात टांगलास. आणि ज्यांना भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी मोबाइलवर व्हिडिओ बघावा लागतो, त्या तुझ्या नवरोबांनी रुंद चिकटपट्टी घेऊन छतातल्या सगळ्या खिडक्या बंद केल्या. छतावरच्या त्या छत्रीसारख्या टोप्या, ज्यांतून पाऊस आत येत नाही पण हवा येते, त्याही. स्वयंपाकाच्या ओट्यावरचं धुराचं भोक. इतकंच काय, कपाटांच्या दारांना खाली जाळ्या असतात, त्यांवरसुद्धा पट्टी! जाळीतून पाऊस येतो का ग? आधी घर ओलं केलंत आणि मग सीलबंद केलंत. लोणचं घालतानासुद्धा आपण बरणी आधी कोरडी करतो.

परत आले तेव्हा दार उघडताच वासानेच कळलं. इतकी वर्षं ग्रंथालयात काढली मी, तळघरातल्या पुस्तकांची बुरशी पाठमोरी असले तरी ओळखते. बाबांच्या कॅनव्हासच्या बुटांवर हिरवी लव उगवली होती. गाद्या उचलल्या तर खाली काळे ठिपके. छताला आतून थेंब लटकलेले, जणू पाऊस आतच पडायचा विचार करत होता. त्यातला एक थेंबही आकाशातून आलेला नव्हता. मी छताचा प्रत्येक सांधा हात फिरवून पाहिला. ते सगळं तुमच्या बादलीतलं आणि अभ्र्यांतलं पाणी होतं. बाहेर जायला त्याला वाट नव्हती, म्हणून ते मिळेल त्या थंड जागेला चिकटलं. आणि हे सगळं पाहून तू काय म्हणालीस? ही बोट राहण्याच्या लायकीची नाही, म्हणालीस. पुरावा तुम्ही तयार केलात आणि शिक्षा मला!

हे मला बोटीवर आल्यावर कळलं असं समजू नकोस. शाळेच्या वसतिगृहात आमच्या थोरल्या सिस्टर भर पावसात लांब काठी घेऊन फिरायच्या आणि आकडा अडकवून वरच्या खिडक्या उघडायच्या. आम्ही कुडकुडायचो, मनातल्या मनात त्यांना शिव्या द्यायचो. एका खोलीत चाळीस मुली आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले चाळीस जोड मोजे. त्या म्हणायच्या, मुलींनो, पावसाने कोणी मरत नाही, एकमेकींच्या श्वासाने गुदमरून मराल. बाईंना दयामाया नव्हती, पण आमची एक उशी कधी कुबट झाली नाही.

तेव्हा मी रडत बसले नाही. चिकटपट्टी ओरबाडून काढली (नखं गेली, तो हिशोब वेगळा). गाद्या उभ्या केल्या, कपाटांची दारं सताड उघडली, अभ्रे पावसाच्याच पाण्यात धुतले. हो, पावसाच्याच. समुद्राचं मीठ कापडात राहिलं की ते हवेतली ओल पीत बसतं. उघडीप मिळाली तसे ते वाळवले. लाकूड व्हिनेगरने पुसलं. तळाशी साचलेलं पाणी स्पंजने टिपून काढलं. मग छतातल्या खिडक्यांवर तिरकी ताडपत्री बांधली, छपरासारखी. तिच्याखाली खिडकी वीतभर उघडी ठेवली की पाऊस ताडपत्रीवरून घसरतो आणि वारा आत येतो. ही बोट म्हणजे दोन अरुंद होड्या आणि मध्ये एक बैठक. एकीत वारा शिरला की दुसरीतून बाहेर पडायला हवा, तरच ती श्वास घेते. स्वयंपाक झाकण ठेवून करते, ओले कपडे आणि ओली माणसं दाराबाहेरच्या आडोशालाच थांबतात. सकाळी फडकं घेऊन खिडक्यांच्या चौकटी पुसते. तुझ्या हातात मोबाइल असतो, माझ्या हातात फडकं. बाकी फरक काही नाही.

मग परवा तुझं ते बोटीचं गिऱ्हाईक आलं, दातांचा डॉक्टर. मला न विचारता धाडलास, तोही मुसळधार पावसात. छत्री बाहेर ठेवायला लावली तेव्हाच बिचारा दबकला. आत येऊन वर बघतो तर खिडकी उघडी. आजी, पाऊस येईल ना, म्हणाला. म्हटलं, बसा आणि वाट बघा. चहा झाला, दुसरा झाला, पाऊस काही आत आला नाही. त्याने गादीखाली हात घालून पाहिला, कपाटात नाक खुपसलं. माझ्या दवाखान्यापेक्षा कोरडं आहे, म्हणाला. मग म्हणाला, मी घेतली की सगळं बंद करून एसी बसवीन. मी म्हटलं, डॉक्टर, थंड आणि बंद हवं असेल तर फ्रिज घ्या, स्वस्त पडेल. तो हसला, पण समजला. चहाचे कप स्वतः धुऊन गेला. जावई म्हणून तो बरा पडला असता.

आता खरं बोलू. रविवारी दारात चपला घालताना तू हळूच म्हणालीस, त्या ओलीनेच बाबांना नेलं, आता तुलाही न्यायचं आहे का तिला? तेव्हा मला त्या चिकटपट्टीमागची भीती कळली. भिंगरी, इस्पितळातल्या डॉक्टरांनी एकाच खोलीत तुला आणि मला सांगितलं होतं, की त्यांची फुप्फुसं रंगाच्या कारखान्यातच संपली होती. तू ऐकलंस, पण तुला कोणावर तरी चिडायचं होतं. कारखाना आता राहिला नाही, बोट डोळ्यांसमोर आहे. पण ते शेवटी शांत झोपायचे ते याच उघड्या खिडकीखाली. आणि इस्पितळात त्यांनी खिडकी उघड म्हटलं, तेव्हा ती उघडणारी नव्हतीच. तू एक्स-रेचा लिफाफा घेऊन अख्खी दुपार त्यांना वारा घातलास. हात दुखून आला तरी थांबली नाहीस. मी बघत होते. त्या दिवशी त्यांना काय हवं होतं हे तुला ठाऊक होतं, मग आज कसं विसरलीस?

बोट विकायची नाही. दातांच्या डॉक्टरांना तसं कळवलं आहे, तू पुन्हा कळवू नकोस. पाऊस संपला की मी दोर सोडून बोट घेऊन निघणार. पण हे पत्र तेवढ्यासाठी नाही. येत्या रविवारी धो धो पाऊस आहे म्हणतात. मुद्दाम त्याच दिवशी ये आणि बाबांच्या जागी, वीतभर उघड्या खिडकीखाली, एक रात्र झोप. तुझ्या तोंडावर एक थेंब जरी पडला, तर दातांच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन करीन. नाही पडला, तर पुन्हा माझ्यासमोर विकण्याची भाषा काढायची नाही. तुझी किल्ली या पाकिटात परत घातली आहे, ती तुझीच आहे. चिकटपट्टी मात्र घरी ठेवून ये.

तुझीच कोरडी ठणठणीत,
आई