मार्गारीटा म्हणजे काय?

कडेगाव, ता. २३ जानेवारी १९४५

तीर्थस्वरूप दाजी यांस नाथाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. (पैकी साष्टांग तूर्त बाकी ठेवा; कंबर धरली आहे.) आक्काचा खोकला कसा आहे? तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या उंदरांचा बंदोबस्त झाला का? इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मला तीन दिवस अन्न गोड लागत नाही. काल फळ्यावर तारीख लिहायला गेलो तर 'मार्गारीटा' लिहून बसलो.

त्याचं असं झालं. शाळेशेजारच्या राहीबाईंचा मानसिंग लढाईवर इटलीत आहे. इकडे त्याला मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण नाव बापच कळवणार असा त्याचा हट्ट, आणि पत्र यायला लागले अडीच महिने. तोवर पोरगी नुसतीच 'बाळी'. गावात आलेली पत्रं वाचून दाखवणं हे मास्तर म्हणून माझंच काम. (लोक चहा देतात, नाही असं नाही.) पत्रात नाव निघालं मार्गारीटा. तिकडचं फूल आहे, पांढरं, मधे पिवळं, असं त्यानं लिहिलं होतं.

राहीबाई म्हणाल्या, "मास्तर, ह्ये फूल हाय का बाई?"

दाजी, ठाऊक नाही म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण मास्तराच्या तोंडून ते निघत नाही. मी म्हणालो, फूलच, आणि शब्दही मूळचा आपलाच, संस्कृतातला. मार्गावर फुलतं म्हणून मार्गारीटा. (मग 'रीटा'चं काय, तर ते रिठ्याच्या जातीचं, असंही ठोकून दिलं.) झालं! म्हातारीच्या दारातच रिठा आहे. त्याला असलं फूल कधी आलं, म्हणून ती अडून बसली. मानसिंगची बायको शालूबाई पोरीला थोपटत होती. शेवटी म्हणाली, "आवं मास्तर, फूल आसंल तर ठेवू. बाईचं नाव आसंल तर पाळण्याला हात लावू देनार न्हाई कुनाला."

बारसं येत्या रविवारी आहे. तरी तुमच्या त्या जाड कोशात बघून या नावाचा अर्थ आणि उगम उलट टपाली कळवा, आणि खाली कॉलेजचा शिक्का मारा. अर्थ बरा नसेल तर बरा करून लिहा. (शिक्का तेवढा खरा असू द्या.)

आपला,
नाथाजी

ता. क. तुमच्यापासून काय लपवायचं? पत्रातल्या काही ओळी मी वाचल्याच नाहीत. मानसिंगला गोळा लागून रक्त फार गेलं होतं. मार्गारीटा ही तिथल्या इस्पितळातली नर्स. तिनं स्वतःचं रक्त देऊन त्याला जगवलं, आणि तिच्या नावाचं फूल असतं हेही तिनंच सांगितलं. समोर बाळंतीण मांडीवर पोर घेऊन बसलेली. नवरा मरता मरता वाचला, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? त्या ओळी गिळल्या. म्हणून शिक्का हवा.

ता. क. दुसरा. शालूबाई आत्ताच येऊन गेली. बायकांचा दुपारचा साक्षरतेचा वर्ग मीच चालवतो आणि ती जोडाक्षरांपर्यंत आली आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तीन दिवस अक्षराला अक्षर लावत तिनं ते पत्र स्वतः वाचून काढलं. डोळे रडून सुजले होते. म्हणाली, "अर्थ ऱ्हाऊ द्या, मास्तर. आपलं रगत दिऊन माझं कुकू राखलं तिनं. फुलाचं कशाला, त्या बाईचंच नाव ठेवायचं." दाजी, मलाही हुंदका आवरेना. तेव्हा कोश उघडू नका.

ता. क. शेवटचा. आता तिनं ट्रंकेतली मागची सगळी पत्रं वाचायला काढली आहेत. 'मास्तरांस गुळाची एक ढेप द्यावी' हे वाक्य मी चार पत्रांत वाचून दाखवलं होतं. मानसिंगनं ते एकाही पत्रात लिहिलेलं नाही. हे पत्र, मी आणि उरलेल्या दोन ढेपी उद्याच्या पहिल्या मोटारीनं सांगलीला तुमच्याकडे पोचतो.