सूट कुठे घालणार

लीड्स, इंग्लंड
७ फेब्रुवारी १९५४

ती. सौ. बाईस,
नीळकंठचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांचा खोकला थांबला हे वाचून जिवात जीव आला. इथे बर्फाचा कंटाळा आला आहे. मटण अजून रेशन कार्डावरच मिळतं, पण घरमालकीण बटाटे भरपूर घालते. आईच्या मागे थोरली बहीण म्हणून तूच मला वाढवलंस, त्यामुळे तुझा पहिला प्रश्न मला पाठ आहे. तर हो, जेवतो, आणि पोटभर जेवतो.

आता बातमी. मी सूट शिवायला टाकतो आहे. हसू नकोस. निघताना चांद्याच्या शिंप्याने शिवलेला कोट आठवतो ना? बाबांनी त्याला बजावलं होतं की पोरगा दोन वर्षं तिकडं राहून राह्यला, अंगानं भरंल, ढिला ठेव. पोरगा भरला नाही आणि कोट ढिलाच राहिला. परवा खाणकाम शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हा कोट थोरल्या भावाचा आहे का. पुढच्या महिन्यात मला खाणीच्या काही मोठ्या लोकांपुढे जायचं आहे, तेव्हा नीटसे कपडे करून घे असं त्यांनीच सुचवलं.

शिंपी म्हातारा आहे, मूळचा पोलंडकडचा. एक अरुंद जिना चढून गेलं की त्याची खोली. मापं घेताना तो माझ्याशी बोलतच नव्हता, आकडे बायकोला सांगत होता आणि ती लिहून घेत होती. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. बोडीवरून पाण्याची कावड मी त्याच खांद्यावर आणायचो, हे त्याला कसं समजावणार?

मग त्याने दोन कापडं पुढे ठेवली. एक चांगलं जाड, घोंगडीच्या धाकट्या भावासारखं. दुसरं पातळ, हातात घेतलं तर वजन लागत नाही. त्याने विचारलं, सूट कुठे घालणार, इथे की तिकडे. इथे असेल तर जाड घे, वीस हिवाळे निघतील, आणि घरी घालायचा असेल तर पातळ. मी म्हटलं, शनिवारी सांगतो. तूच सांग बाई, काय घेऊ?

बाबांना दंडवत. भाचरांना पापा. तुझ्या मनातली माझी जागा कोणाला देऊ नकोस.

तुझा
नीळकंठ


मूल, जि. चांदा
१८ फेब्रुवारी १९५४

चि. नीळकंठास,
रुखमाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी शाळेत मधल्या सुटीत वाचलं, आणि खांद्याच्या गोष्टीवर इतकी हसले की चौथीच्या मुलींनी बाईंना काय झालं म्हणून दारात गर्दी केली. बाबांना संध्याकाळी वाचून दाखवलं. ते म्हणाले, कोट ढिला राह्यला त त्यात शिंप्याचा दोष नाई, पोट्टा खात नसंल. दुसरं काही ते ऐकून घेत नाहीत.

इकडे सगळं बरं आहे. धान गिरणीत गेलं. धानाच्या बांधीत आता लाखोळीचं कडधान्य उपटणं चालू आहे. मोहाला कळ्या धरल्या आहेत, आठ-पंधरा दिवसांत वास सुटेल. तुझे भाऊजी तुझी आठवण काढतात, म्हणजे कॅरमला जोडीदार नाही म्हणून काढतात.

बाजाराच्या दिवशी सावली गावाहून सोमाजी आले होते. लेक गिरजाही बरोबर होती. तू निघायच्या आधी तुमचं साक्षगंध झालं, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. सोमाजींनी विचारलं की जावई आषाढात येऊन राह्यले ना, मंग पुढच्या वैशाखात बार उडवून टाकू. मी हो म्हटलं. गिरजा माझ्याजवळ चौथी शिकली, पण त्या दिवशी माझ्याशी चार शब्द बोलली नाही. जाता जाता एवढंच विचारलं की बर्फ पडताना आवाज होत नाई हे खरं हाये का.

आता तुझ्या कापडाचं. वैशाखात इथलं ऊन तुला मी सांगायला हवं का? दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, कुत्री बोडीत गळ्यापर्यंत बसून राहतात. अशा उन्हात लग्नाला उभा राहणारा माणूस जाड कापड घेईल का? हे तुला विचारावं लागलं, याचंच मला नवल वाटलं. आणि तू शिंप्याला शनिवारी सांगणार होतास. पत्र इथे यायला आठवडा, परत जायला आठवडा. माझं उत्तर शनिवारच्या आत मिळणार नाही हे तुला ठाऊक होतं, तरी विचारलंस. नीळू, मला हा प्रश्न कापडाचा वाटत नाही. ते खाणीचे मोठे लोक कोण, हेही तू लिहिलं नाहीस. जे असेल ते सरळ लिही. मी रागावेन, पण तू लपवलंस तर जास्त रागावेन.

बाबांचा आशीर्वाद. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी
बाई


लीड्स
१ मार्च १९५४

ती. सौ. बाईस,
शि. सा. न. वि. वि.

तू रागावणार हे धरूनच लिहितो. कापड जाड घेतलं. तुझं पत्र आलं तेव्हा ते बेतून झालं होतं.

इथल्या एका खाणीत मला नोकरी मिळण्यासारखी आहे. सध्या तीन वर्षांची, पण एकदा शिरलो की राहता येतं. बारा तारखेला मुलाखत आहे. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच खाणीत काम केलं. तिथे मला कोणी रामाजीचा पोरगा म्हणत नाही, माझ्या हाताखालच्या यंत्राबद्दल मला विचारतात आणि मी सांगतो ते ऐकतात. आपल्या बल्लारपूरच्या खाणीत आलो तर पहिली पाच वर्षं कोणाच्या तरी मागे कागद घेऊन फिरेन. मला ही नोकरी हवी आहे, बाई. हे लिहायला मला लाज वाटते, पण हवी आहे.

शनिवारी कोट पहिल्यांदा अंगावर घालून पाहिला. एकच बाही, सगळीकडे पांढरे टाके, आरशात मी अर्धवट सोलल्यासारखा दिसत होतो. म्हातारा गुडघ्यावर बसून टाचण्या लावत होता. म्हणाला, मी एका हिवाळ्यापुरता इथे आलो होतो, अंगावर एकच कोट होता. पुढच्या हिवाळ्याला जाड कोट शिवला आणि मग राहूनच गेलो. त्याची बायको म्हणाली की तो जुना कोट अजून पेटीत आहे, कोणाला देऊ देत नाही.

आता तुझ्यावर एक काम टाकतो. सावलीला तूच सांग. गिरजाला तू शिकवलं आहेस, तुझ्या तोंडून तिला कमी लागेल. थांबू नका म्हणावं, चांगलं स्थळ पाहा. मी त्यांना कोणत्या तोंडाने लिहू? बाबांनाही तूच हळूहळू सांग. कापडाचा एक तुकडा उरला होता, तो सोबत पाठवतो, म्हणजे मी काय घेतलं ते तुला दिसेल.

रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा
नीळकंठ


मूल
२० मार्च १९५४

चि. नीळकंठास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला फार राग आला. तू तिकडे राहतोस म्हणून नव्हे. तुझं शिक्षण, तुझं काम, तुला वाटलं तर राहा. बाबांनाही मी तसंच सांगितलं. ते ओसरीवर बसूनच म्हणाले, पोट्टा खुश असंल त राहू दे, आपन कोन अडवनारे. आणि जेवायला उठले नाहीत.

मला राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. लग्न तुझं, नकार तुझा, आणि सांगायचं मी. लहानपणी आंबे पाडायचास तू आणि मालकापुढे उभी राहायचे मी, ते वय गेलं, नीळू.

तरी रविवारी सावलीला गेले. सोमाजी तलावावर होते. गिरजाला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि कापडाचा तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, उन्हात धरला आणि विचारलं की तिथी एवढी थंडी राहते काय. चार दिवसांनी ती एकटी मूलला आली, मोठ्या वर्गातल्या मुलीकडून शाईची दौत मागून घेतली आणि माझ्या शाळेच्या पडवीत बसून हे पत्र लिहिलं. मी एक अक्षरही दुरुस्त केलेलं नाही. साक्षगंध झालेल्या मुलीने होणाऱ्या नवऱ्याला पत्र लिहिलेलं आपल्याकडे कोणी ऐकलं नसेल. गावात कळलं तर बोलतील. बोलू देत.

तुझी
बाई


मूल, शाळेतून

श्रीयुत नीळकंठराव यांस,
गिरजाचा नमस्कार.

बाईनं तुमचं कापड दिलं आन् तुमचं म्हननं सांगितलं. मी रडली नाई. कापड चांगलं हाये. दोन दिवस मी ते पोलक्याच्या बाहीत घालून लाखोळी उपटली. सकाळी काई वाटलं नाई, दुपारी लय टोचलं. तवा वैशाखात हा सूट अंगावर राहनार नाई हे खरं हाये.

पन मार्गशीर्षात आमच्या तलावावर सकाळी धुकं राहते. लोकं पोतं पांघरून शेकत बसतात. तवा हा सूट चालंल. आपल्याकडं मार्गशीर्षात कोनी लगन करत नाई, धान चुरनं, मळनी राहते म्हनून. मी बाबाले म्हटलं का धानाचं पुंजनं आठ दिवस तसंच राह्यलं त काई बिघडत नाई. बाबा पह्यले चिडले. मंग मानले.

तुमाले याचं असंल त तवा या. याचं नसंल त तसं लिवा. पन बाईले लिवू नका, मले लिवा. साक्षगंधात कुकू मले लावलं, बाईले नाई. तुमी तिथी राह्यले त मी काई जीव देनार नाई. पन ते तुमच्या हातचं पाह्यजे. मले वाचता येते.

कापडाचा तुकडा मी ठेवून घेतला हाये.

गिरजा


लीड्स
४ एप्रिल १९५४

सौ. कां. गिरजाबाई यांस,
नीळकंठचा नमस्कार. मायना काय लिहावा हे ठरवण्यातच निम्मी संध्याकाळ गेली, चुकला असेल तर बाईला विचारून सुधारून घ्या.

तुमचं पत्र येण्याआधीच मुलाखत झाली होती. नवा सूट घालून गेलो. बाहेर गारठा होता, पण मला थंडी वाजली नाही. त्यांनी नोकरी दिली. तसं पत्रही आलं. मी ते खिशात घेऊन फिरत होतो आणि त्याच सुमारास तुमचं पत्र आलं.

तुम्ही म्हटलं तसं तुम्हालाच लिहायला बसलो. नकारच लिहायचा होता. बाईला लिहिला तेव्हा अर्ध्या पानात झाला होता, आणि स्थळ पाहा म्हणणंही सोपं गेलं होतं. तुम्हाला लिहायला घेतला तर जमेना. ‘मी येणार नाही’ असं लिहिलं की पुढे ‘कारण’ लिहावं लागे, आणि कारण लिहिलं की ते तुम्ही पडवीत बसून वाचत आहात असं दिसे. पानं फाडली. शेवटी ध्यानात आलं की मला यायचं आहे, म्हणून हे लिहवत नाही. हे मला आधी कळायला हवं होतं. तुम्ही दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेतलं असतं तर मला ते कधीच कळलं नसतं.

खोटं लिहीत नाही. नोकरी सोडताना मला वाईट वाटलं. अजून वाटतं, आणि बल्लारपूरला कोणाच्या मागे कागद घेऊन फिरताना पुन्हा वाटेल. तेव्हा मी घरी चिडलो तर मला हे पत्र दाखवा. कालच त्यांना नकार कळवला. आषाढात बोटीने निघतो.

काल सूट घेऊन म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. अस्तर थोडं कमी करता येईल का विचारलं. त्याने कोट उलटा करून मांडीवर घेतला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, सूट कुठे घालणार. मागच्या वेळी मी ‘इथे’ म्हटलं होतं, आणि म्हणताना कापडाकडे बघत होतो. काल त्याच्याकडे बघून सांगितलं की सावलीला, तलावाच्या काठी, मार्गशीर्षात, सकाळच्या मुहूर्तावर. त्याला यातलं एकही नाव कळलं नाही. त्याने बायकोला हाक मारली, तिलाही मला पुन्हा सांगायला लावलं, आणि मग पाठीतलं अस्तर उसवायला घेतलं.

तुमच्या बाबांना सांगा की भटजींकडून मुहूर्त सकाळी लवकरचा काढा, नाहीतर मी उन्हात सापडेन. धान चुरायला मी आहेच, पण दुसरे कपडे घालून. आणि बर्फाचं तुम्ही बाईला विचारलं होतं. खरं आहे, आवाज होत नाही. सकाळी उठलं की पडलेलं दिसतं.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मी तसं मागत नाही. कापडाचा तुकडा ठेवून घेतलात, त्यावरून लोभ आहे असं धरतो आणि निघतो.

आपला
नीळकंठ