म्हशीची लाथ अन् माहा साप

हुडकेश्वर, नागपूर

माय, जयभीम.

दादानं माह्या बोटाची पट्टी तुले फोनवर दाखवली म्हणे. घाबरू नको वं. साप परदेशी जातीचा, बिनविषारी आहे, सरकारी परवानगी काढूनच पाळला. चूक माहीच. कोंबडी चिरल्या हातानं त्याले उचलाले गेली. त्याले खाणंच वाटलं.

आता साबणानं हात धुते, काडीनं हळूच शिवते, मंग बाजूनं उचलते. तरी काल पुन्हा चावलाच! पण लगेच पेटीत नाही ठेवला. म्हशीनं लाथ मारली तरी तू धार टाकून उठत नव्हती. "उठलं का तिले सवय लागते," म्हणत होती. शांत झाला, तवाच ठेवला.

तुहा गुडघा कसा आहे? साप आहे तोवर येत नाही म्हणते, तर म्हणत राह्य. मी काही उठत नाही.

तुह्यावरच गेलेली,
दीक्षा