मशीन काही गाळत नाही

तेलगाव,
३ जून २०२५

चि. अमरसिंह यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्या अरुणाचलातल्या डोंगरावर रस्ते बांधता बांधता तुला साधा फोन लावायला रेंज मिळत नाही, हे एका परीनं बरंच झालं. तुझं अक्षर तरी बघायला मिळतं. पहिल्यापेक्षा बरंच सुधारलंय.

नानांचं काय लिहू. परवा पुन्हा डोळ्याच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी सांभाळा, असं ते म्हणाले. आहे ती किती, तर उजेड आणि सावली. उभा जन्म पेपरची एजन्सी चालवलेला माणूस, गिऱ्हाइकाच्या आधी पेपर स्वतः वाचणारा. एजन्सी दुसऱ्याला देऊन टाकली, तरी पहाटे गठ्ठ्यांची जीप थांबली की अजून उठून बसतात. पेपर हातात घेतात, नाकाशी नेतात आणि माझ्याकडं सरकवतात. मग मी वाचते. पण मी पूर्णविरामाला थांबत नाही म्हणे. घराबाहेर पाय ठेवणं तर त्यांनी बंदच केलंय. काठी घेऊन फाट्यावर गेलो तर लोक बघतील, एवढं एकच धरून बसलेत.

आता मुद्द्याचं. शेजारच्या शाईस्ता मॅडम, आपल्या शाळेवरच्या, सांगत होत्या की कॉम्प्युटर हल्ली मराठी पेपर मोठ्यानं वाचून दाखवतो. फोनही वाचतो, पण गुळगुळीत काचेवर नानांचं बोट ठरेना, आणि भलत्यांनाच फोन लागायला लागले. त्यांना बोटाला लागणारी बटनं हवीत. म्हणून तुझा पॉलिटेक्निकचा लॅपटॉप कपाटावरून काढला, पुसला, वायर लावली. चालू झाला! पण माझा चहा निवला तरी पडद्यावरचं ते गोल फिरणं काही थांबेना. केजला जाकीरच्या दुकानात नेला. तो म्हणाला, काकू, मशीन लई जुनं हाय, नवी विंडोज ह्याच्यावर बसायची न्हाई, भंगारात घाला. मला काही ते पटलं नाही. चालू होतंय म्हणजे जीव आहे.

हे बसणं म्हणजे काय रे? सिस्टिम म्हणतात ती दिसते का? मशीन तेच राहून आतलं कसं बदलतं? मला समजेल असं सविस्तर लिही. नानांना अजून काही बोलले नाही.

जेवणाची हेळसांड करू नको. आईची आठवण असू दे.

तुझी आई,
वत्सला

•

कॅम्प, अरुणाचल
१७ जून २०२५

तीर्थरूप सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि एकदा मेसमधल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. लॅपटॉपमध्ये जीव आहे हे तुझं निदान आमच्या इथल्या इंजिनिअरांनीही मान्य केलं.

सिस्टिम म्हणजे असं समज, घर तेच, पण आत राहणारं बिऱ्हाड वेगळं. जुनं बिऱ्हाड म्हातारं झालं, त्याला धड उठवत नाही. नवी विंडोज म्हणजे मोठं खटलं, आपल्या दोन खोल्यांत मावणार नाही. पण लिनक्स नावाचं एक बिऱ्हाड आहे, थोडक्या जागेत सुखानं राहतं, आणि फुकट मिळतं. जाकीरला म्हणावं, एका पेनड्राइव्हवर ते भरून दे. पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करताना वरच्या रांगेतलं एफ बारा दाबत राहा. मग यादी येईल, त्यात पेनड्राइव्ह निवड. गंमत म्हणजे, आधी न बसवताही ते चालवून बघता येतं. पावण्याला चार घटका ओसरीवर बसवून पारखावं तसं. पटलं तरच बसव.

दोन गोष्टी लक्षात ठेव. बसवलं की आधीचं सगळं पुसलं जातं. माझे डिप्लोमाचे नकाशे आणि मित्रांचे फोटो आहेत, त्यांचा मला मोह नाही. दुसरं, त्याची बॅटरी कधीच मेली आहे. मधेच लाईट गेली तर घोटाळा होईल. आणि तो वाचणारा आवाज गोड नाही हं, नाकातून बोलतो.

इथं सगळं उत्तम. हवा छान, भाज्या ताज्या, सकाळी ढग पायाखाली असतात. नानांना साष्टांग नमस्कार. काय काय झालं ते बारीकसारीक कळव, मला चैन पडणार नाही.

तुझा लाडका आणि सध्या तुझा कॉम्प्युटर मास्तर,
अमर

•

तेलगाव,
६ जुलै २०२५

चि. अमरसिंह यास उदंड आशीर्वाद.

बसलं रे बाबा, बसलं! पण कसं ते ऐक.

शाईस्ता मॅडम सुट्टीच्या दिवशी आल्या. नेट त्यांच्या फोनवरून घेतलं. तुझं एफ बारा दाबून दाबून बोट दुखलं, तेव्हा कुठं यादी आली. पावण्याला ओसरीवर बसवून बघितला, बरा वाटला. मग मॅडम म्हणाल्या, दाबू का? मी म्हणाले, थांबा, मी दाबते. नवऱ्यासाठी करायचं ते आपल्या हातानं केलेलं बरं. दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली, हंडा भरावा तशी. ती पाऊण भरली आणि लाईट गेली. परत आली तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, पुढं काहीच नाही. जुनं बिऱ्हाड निघून गेलेलं, नवं आलेलं नाही. मला रडूच फुटलं. तुझे नकाशे, फोटो सगळं गेलं, आणि हाती काय, तर ठोकळा. मॅडम मात्र शांत. म्हणाल्या, पेनड्राइव्ह तर जागेवर आहे, पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या घरचा इन्व्हर्टर होता, म्हणून सगळा संसार तिकडं नेला. तिथं झालं.

नानांसमोर आणून ठेवला आणि पेपरचं पान उघडलं. मशीन बोललं. पडसं झालेल्या तलाठ्यानं सातबारा वाचावा तसा आवाज. नानांनी मान वळवली. कोण आलंय, म्हणाले. मी सांगितलं तर विश्वास बसेना. हात फिरवून मशीन चाचपलं. तेवढ्यात त्यानं माजलगावला माज लगाव म्हटलं, आणि नाना ताडकन ओरडले, माज लगाव न्हाई बे, माजलगाव! किती दिवसांनी त्यांचा असा आवाज ऐकला. मग दुपारभर ते त्याच्या चुका काढत बसले. पूर्णविरामाला बरोबर थांबतं, माझ्यापेक्षा चांगलं थांबतं म्हणे. मी माझ्या टिकल्यांच्या पाकिटातल्या टिकल्या बटनांवर चिकटवल्यात. त्यांच्या खुणेनं ते आता टाईपही शिकतायत.

आता जे लिहिते ते तुलाच म्हणून. तुझं उत्तर मीच त्यांना वाचून दाखवते, तेव्हा ह्याबद्दल वेगळ्या कागदावर लिही.

केजचे शहादेवभाऊ मार्चमध्ये गेले. तुला त्यांची आठवण असेल, तिथली एजन्सी त्यांची. तिकडं अंक कमी पडले की नाना धारूरच्या गाडीत कंडक्टरजवळ देऊन पाठवायचे, इकडं कमी पडले की ते पाठवायचे. नानांचा तेवढा एकच जिवाचा माणूस. मी पेपर वाचत होते आणि फोटोसकट ती बातमी समोर आली. नाना आदल्या दिवशीच पहिल्यांदा डोळ्याच्या डॉक्टरांकडून आलेले, भिंतीकडं तोंड करून बसलेले. मी पान उलटलं. ते म्हणाले, वाच की, काय झालं? दारात कुणाची तरी शेळी उभी होती. मी तिच्याकडं बघून वाचलं, की उमापूरला एक शेळी बाजाराच्या दिवशी आपणहून एसटीत चढते आणि गेवराईला उतरते.

नाना हसले. म्हणाले, पुढं? तेव्हापासून मी ती शेळी रोज चालवतेय. ती खिडकीशी बसते, तिला कंडक्टर हटकत नाही, गेवराईच्या स्टँडवर तिचे लाड होतात. वाईट बातमी आली की मी ती गाळते आणि शेळी घालते. आता ह्या मशीनला काय सांगू? ते काही गाळत नाही. नाना काल शेळीची बातमी शोधत होते. आजच्या अंकात दिसत न्हाई, म्हणाले. मला घास गोड लागत नाही. काय करू ते कळव.

घाबरलेली,
तुझी आई

•

कॅम्प,
१९ जुलै २०२५

तीर्थरूप सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हा कागद तुझ्यापुरता. नानांसाठीचा वेगळा जोडलाय, तो मोठ्यानं वाच.

मधे काही दिवस टपालाची गाडी वर आली नाही, म्हणून तुझं पत्र आजच हातात पडलं. शेळीला मी इतका हसलो आणि मग हसू आलं याचंच वाईट वाटलं. शहादेवकाका मला आठवतात. लहानपणी नानांबरोबर केजला गेलो की ते मला पेपरची टोपी करून द्यायचे.

आई, तू जे केलंस ते त्यांच्यावरच्या मायेनं केलंस, मला त्यात खोट दिसत नाही. पण आता मशीनच्या आधी तू सांग. आजच सांग. मशीनच्या तोंडून कळलं तर त्यांना दोन दुःखं होतील, एक शहादेवकाका गेल्याचं आणि दुसरं तू लपवल्याचं. रागावतील. रागावू दे. नाना रागावले की बोलतात, आणि ते बोलायला पाहिजेत.

इथं सगळं नेहमीसारखं. काळजी करू नको. धीर सोडू नको, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
अमर

•

तेलगाव,
२० जुलै २०२५

चि. अमरसिंह यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अजून नाही, आणि वाट बघायला आता काही राहिलंही नाही.

नानांना टाईप करून शोधायचं कसं, ते मॅडमनी शिकवलं. पेपरच्या पानावर नाव लिहिलं की त्या नावाच्या बातम्या निघतात. नाना हरखून गेले. पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं. काही निघालं नाही. जन्मभर पेपर विकला आणि एकदा नाव आलं न्हाई, असं म्हणून हसले. मग माझं घातलं. तेही नाही. मग म्हणाले, शहादेवचं बघू, तो तर पुढारी होता एजंटांचा. मी चुलीपाशी होते. उठेपर्यंत मशीन बोलायला लागलं होतं. केज येथील ज्येष्ठ वृत्तपत्र विक्रेते शहादेव यांचे अल्पशा आजाराने निधन. त्याच तलाठ्याच्या आवाजात, पूर्णविरामाला नीट थांबत. पत्नी सुंदरबाई, मुली, नातवंडे असा परिवार.

नाना ओरडले नाहीत. त्यांनी ती बातमी पुन्हा लावली. मग मला विचारलं, त्या दिवशी तू काय वाचलंतीस? मी म्हणाले, शेळी. जेवले, पण पानात काय वाढलंय ते विचारलं नाही. मी खूप काही सांगितलं, ते ऐकत राहिले. एवढंच म्हणाले, मला दिसत न्हाई, पर सोसत न्हाई असं कोण म्हणलं तुला?

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्यांनी धुतलेला सदरा मागितला, टोपी मागितली, आणि काठी मागितली. केजला जायचं, म्हणाले. अमर, सगळ्या फाट्यावरून ते काठी टेकत, माझ्या खांद्यावर हात ठेवून जीपपर्यंत चालले. लोकांनी बघितलं, रामराम घातला. दुसरं काही झालं नाही.

सुंदरबाई आम्हाला बघून आधी रडल्या आणि मग रागावल्या. म्हणाल्या, त्रिंबकभाऊ, सगळी माणसं येऊन गेली, तुमी तेवढे न्हाई आले, कावून? मी मान खाली घातली. आता माझं नाव निघणार, आणि निघालं तर चूक नव्हती. नाना म्हणाले, वहिनी, आमच्याकडं पेपर उशिरा आला.

सुंदरबाईंनी त्यांना शहादेवभाऊंच्या खाटेवर बसवलं.

आता माझ्याशी बोलतात, पण मोजकं. सांभाळून राहा.

तुझी आई

•

तेलगाव,
४ ऑगस्ट २०२५

चि. अमरसिंह यास त्रिंबक याजकडून आशीर्वाद.

सविस्तर वृत्त असे की हे पत्र मी स्वतः टाईप केले आहे. एकेक अक्षर मशीन मोठ्याने सांगते, चुकले की मी त्याला शिव्या देतो आणि खोडतो. शाईस्ता मॅडम शाळेत छापून देणार आहेत. चूकभूल असेल तर एजंटाला जबाबदार धरावे.

तुझी दोन्ही पत्रे मिळाली. होय, दोन्ही. तुझा वेगळा कागद वाचून झाल्यावर आईने तो मलाही वाचून दाखवला. म्हणाली, आता काही मागं ठेवायचं न्हाई. मी म्हणालो, बरं. तिच्यावर मी रागावलो होतो. आता लिहिताना तसा फारसा राग सापडत नाही. सकाळी मशीन वाचते, संध्याकाळी मी तिला वाचायला सांगतो. मशीनला सगळे कळते, पर बातमी कुणाला सांगतंय ते कळत न्हाई.

आता मुख्य बातमी. गेल्या आठवड्यात मशीनकडून तिकडची बातमी निघाली. तुमच्या रस्त्यावर दरड कोसळली, काम करणारे काही लोक पलीकडे अडकले, जुलैच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. तू लिहिलेस, टपालाची गाडी आली नाही. कावून आली नाही ते लिहिले नाहीस. हवा छान, भाज्या ताज्या.

ती बातमी चालू असताना तुझी आई तांदूळ निवडत शेजारी बसली होती. माझे बोट आपोआप बटनावर गेले आणि आवाज बंद झाला. तिने विचारले, काय झाले? मी म्हणालो, मशीन अडकले. आणि मी तिथेच गार पडलो, कारण तिच्यावर रागावून बसलेला माणूस मीच की. चहा होईस्तोवर मी दम काढला, मग पोटात राहीना, सांगून टाकले. तिने तांदळाचा हात तसाच माझ्या हातावर ठेवला. मग आम्ही दोघांनी मिळून ती बातमी पुन्हा लावली, आणि पुन्हा. शेवटी ते म्हणते, जीवितहानी नाही. ती म्हणाली, आणखी एकदा. मी आणखी एकदा लावली.

तरी मशीनचे काय, लिहिलेले वाचते. तू दरडीच्या अलीकडे होतास की पलीकडे, किती दिवस होतास, खायला काय होते, भ्यालास का, ते तुझ्या हाताने लिही. तुझे पत्र तुझी आईच वाचणार आणि मी शेजारी बसून ऐकणार. दोघांनाही सोसते. वाट बघतो.

तुझा,
नाना