बाबांना घेऊन जाण्याबाबत

ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो असं समजून घे.) तुझे गुडघे, दाजींचा रक्तदाब आणि तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचं शिलाई मशीन, सगळं बरं चाललं असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही बापलेक अजून एकमेकांशी बोलतो, यावरून काय ते ओळख. तू फोनवर विचारलंस, रविवारी बाबांना न्यायला येऊ का, हो की नाही ते एका शब्दात सांग. एका शब्दात मला कधी काही सांगता आलंय का? त्यात मागे दाजी चहा भुरकत होते. ते कानात जात असताना बापाचं काय करायचं हे मी कसं ठरवणार? म्हणून हे पत्र. दमलोय गं मी. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मधेच दाजींच्या हातात देऊ नकोस.

वर्षाची सुरुवात कशी झाली ते तुला दाजींनी त्यांच्या बाजूने ऐकवलं आहेच. आता माझी बाजू. दाजींच्या नि माझ्या भागीदारीतल्या फर्निचरच्या धंद्याला त्या हॉटेलवाल्यांची मोठी ऑर्डर मिळायची होती. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दाजी उभे राहून झकास बोलत होते (माणूस स्टूल मागायला आलेल्याला सोफा देऊन पाठवतो, हे मी आजही मान्य करतो). पण डोक्यावरची ट्यूबलाइट सारखी गुणगुण करत होती. बाकी कुणालाच ती ऐकू येत नव्हती, आणि मला तिच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. शेवटी मी बूट काढले (हे कुणी लक्षातच घेत नाही), टेबलावर चढलो आणि ट्यूब काढून हातात घेतली. त्या खोलीला खिडकी नव्हती, हे मला नंतर कळलं. अंधारात दाजींचं वाक्य जे अर्धवट राहिलं ते राहिलंच. ऑर्डर गेली, भागीदारी गेली, आणि तू मला रागारागाने म्हणालीस, एकदा स्वतःचं डोकं तपासून घे.

मी लगेच वेळ घेतली. (तू तसं म्हणायचं म्हणून म्हणाली होतीस, हे मला दाजींनी समजावून सांगितलं, पण तोवर तपासून झालं होतं.) डॉक्टरीणबाई शांत होत्या, त्यांच्या खोलीतलं घड्याळसुद्धा टिकटिक करत नव्हतं. त्यांनी पुष्कळ विचारलं आणि म्हणाल्या, तुम्हाला ऑटिझम आहे, आणि लक्ष एका जागी न टिकण्याचंही आहे. म्हणजे एकावर एक फुकट. मला खरं सांगू का, रडू आलं. एवढी वर्षं वाटायचं की आपण माणूस म्हणून जरा कच्चेच उतरलोय. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, हट्टीपणालाही आता डॉक्टर लागायला लागले. असो.

इकडे त्याच हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. मला वाटलं ट्यूब परत मागतायत. तर म्हणे, जेवणाच्या हॉलमध्ये काहीतरी घरघरतं, गिऱ्हाइकं उठून जातात, तुम्ही तेवढं बघाल का? मी बघितलं, म्हणजे ऐकलं. छतातल्या पंख्याचा एक नट सैल होता. तिथून त्यांनी दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. आता माझा धंदाच तो झाला आहे. दातांच्या डॉक्टरांची खुर्ची मधेच कचकन वाजायची, रोगी सुई टोचायच्या आधीच ओरडायचे. वकिलांच्या कपाटाचं दार कण्हायचं. मी जातो, डोळे मिटून बसतो, सापडेपर्यंत उठत नाही. लोक मला खुटखुटवाले म्हणतात. जन्मभर ज्या कानांनी छळलं तेच आता पोटाला घालतायत.

आणि नेमकं तेव्हाच, तुझ्या घरी रंगकाम काढलं म्हणून चार दिवसांसाठी बाबा आले. (तुझ्या भिंतींचा रंग वाळायला इतके महिने लागतात हे मला माहीत नव्हतं.) तुला सवय असेल, मला नाही. चहात साखर नसली तरी ते चमचा ढवळतात. चपला फरफटत घरभर फिरतात. टेबलावर बोटं वाजवतात. एका गाण्याची पहिली ओळ गुणगुणतात, दुसरी कधीच येत नाही, आणि मी खाली कारखान्यात दुसऱ्या ओळीची वाट बघत हातोडी धरून उभा. मी त्यांना लाकडी चमचा दिला, चपलांच्या तळांना जाड लोकरी फेल्ट चिकटवलं, टेबलावर रबर घातलं. बाबा दरवाजावर बोटं वाजवायला लागले.

हात टेकले आणि त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आधी बाबांनी माझा कागद वाचला आणि विचारलं, यात आजार कुठला लिहिलाय? मी नाही का असाच? बाई हसल्या नाहीत. तासभर बोलून म्हणाल्या, घडण दोघांची बरीचशी एक आहे. मुलाला आवाज सोसत नाहीत आणि वडिलांना आवाज केल्याशिवाय चैन पडत नाही. (हे चालू असताना बाबा त्यांचं पेन टकटकवत होते.) तेव्हा अंदाज बांधत बसू नका, काय हवं ते एकमेकांना सरळ विचारा. खाण तशी माती म्हणतात ते खरंच, फक्त आमच्यात माती दिवसभर खाणीला गप्प बसा म्हणत असते.

आता मंगळवारचं सांगतो. रागवायचं असेल तर बसून रागव.

कारखान्याच्या मागे मी एक छोटी खोली केली आहे. भिंतींना कापूस आणि फेल्ट, दाराला कडेने रबर. वाजणारी वस्तू आत नेऊन ऐकायची. आत काय चाललंय ते बाहेर येत नाही आणि बाहेरचं आत जात नाही. फक्त दार आतून उघडायला मूठ लावायची राहिली होती. (लावणारच होतो, तेवढ्यात दुसरं काम दिसलं.) मंगळवारी दुपारी मी कामाला बसलो आणि काय सांगू, काम असं लागलं! वर घरात हूं की चूं नाही. मनात म्हटलं, आज बाबा किती शहाण्यासारखे वागतायत. दुपारभर मी खूश होतो, ताई. चहाच्या वेळी लक्षात आलं की चमचा वाजला नाही. लाकडीसुद्धा नाही. मग वर पळालो, जिन्यात बघितलं, रस्त्यावर बघितलं, आणि मग त्या दारासमोर येऊन उभा राहिलो. दार ओढलं.

बाबा खोली बघायला म्हणून शिरले होते आणि दार मागून लागलं होतं. आत स्टुलावर बसले होते. घाम आलेला, तळवे लाल. मी दहा पावलांवर बसलो होतो आणि ते दार बडवत होते. मला बघून म्हणाले, "ओरडून ओरडून घसा बसला. पण काम चोख केलंयस हो." मग पाणी मागितलं.

मूठ त्याच संध्याकाळी लावली. पण माझ्या मनातून जात नाही. त्यांना आत काही झालं असतं तर? मी बाहेर बसून खूशच राहिलो असतो. असल्या माणसाकडे बाप ठेवू नये. धंद्याची घडी बसतेय, माझी बसेल तेव्हा बसेल. तेव्हा हो. रविवारी ये आणि बाबांना घेऊन जा. तुझ्याकडे निदान आवाज ऐकू येतो.

दाजींना नमस्कार सांग. त्यांच्याशिवाय गिऱ्हाइकाशी बोलताना माझी फे फे उडते, हेही सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र पाकिटात घालून दोन दिवस झाले, टाकायचं राहिलं. बाबांना सांगितलं तू येतेयस म्हणून. त्यांनी उठून पिशवी भरली आणि तेव्हापासून मला त्रास नको म्हणून अगदी गप्प बसून आहेत. बोटंसुद्धा मांडीखाली घेतली आहेत. माझं काम ठप्प आहे. घटकेघटकेला उठून वर बघून येतो.

ता. क. पुन्हा : शेवटी सरळ विचारलं, राहता का इथे? म्हणाले, "तुला सोसेल का?" मी म्हटलं, नाही सोसणार, पण राहा. ते म्हणाले, बरं. तेव्हा रविवारी ये, पण चहाला ये. चपलांचं फेल्ट मी काढलं आहे.

ता. क. शेवटचं : येताना दाजींच्या टेम्पोतून बाबांची ती डुलणारी खुर्ची घेऊन ये. तीच, जी फार करकरते म्हणून तू माळ्यावर टाकलीस. दाजी चांगुलपणाने तिला तेल घालायला जातील, त्यांना घालू देऊ नकोस. बाबा बसलेत की उठलेत, हे मला खाली काम करताना कळायला हवं.