ढगाळ दिवसाची पाळी

नाना, आज सकाळपासून देवपूरला आभाळ भरून आलंय. नळाला पाणी आलेलं नाही, आणि खाली शेजारणी हंड्यांच्या रांगेवरून एकमेकींची उणीदुणी काढताहेत. मी खिडकी लावून घेतली. भांडणाला मी भीत नाही, तुमचीच लेक आहे. पण ढगाळ दिवस आणि पाण्यावरून चढलेले आवाज एकत्र आले की मला पांझरेवरचा आपला बंधारा दिसतो, आणि फळीवर मांडी घालून बसलेले तुम्ही.

स्वातंत्र्याचा झेंडा लागून चार-पाच वर्षं झाली असतील. नदीला धार कमी, म्हणून एका वेळी एकच पाट चालायचा. सकाळची पाळी आपल्या गावाची, दुपारनंतरची पलीकडच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, आणि सांजेला पाणी पुन्हा आपल्याकडे. पाणी फिरवणारे आपले पाटकरी तुम्ही. बंधाऱ्यावरच्या खांबाची सावली खुणेच्या दगडावर आली की पाणी फिरवायचं. ढगाळ दिवशी सावलीच नसे, तेव्हा ज्याच्या पाटात पाणी चालू असेल त्याच्याच पाटकऱ्यानं पाळी संपल्याचं सांगायचं, अशी जुनी रीत. मी एकदा म्हटलं होतं की चोराच्या हाती किल्ल्या देण्यातला हा प्रकार. तुम्ही रागावला होतात. ज्याच्यावर भरवसा टाकला त्याला खोटं बोलणं जड जातं, असं म्हणाला होतात. मला ते भाबडेपणाचं वाटलं होतं.

माघातला तो दिवस. चार दिवस माहेरी राहून मी सासरी परत निघालेली, बोचकं घेऊन बंधाऱ्यापाशी पोचलेली. आभाळ गच्च. आपल्या फडातला, म्हणजे पाटाखालच्या सलग शेतातला, शेवटचा तुकडा भिजायचा राहिला होता, तो आपल्या भाऊचा, तुमच्याच लेकाचा. गहू पोटरीत आलेला, हे पाणी चुकलं तर दाणा भरणार नाही हे शेंबडं पोरही सांगेल. आणि तुम्ही उठून म्हणालात, "आपली पाळी सरनी. आते पाणी त्यासनं."

आपली माणसं धावून आली. पलीकडून त्यांची आली. दोन्हीकडे काठ्या, कुणाच्या हातात कुऱ्हाडही होती. इतका वेळ झालाच नाही, असं आपलेच लोक ओरडत होते. मग कुणीतरी बोललं की लेक तिकडे दिली म्हणून म्हाताऱ्याला त्यांचा पुळका. तुम्ही आपल्या पाटाच्या तोंडाला फळी टाकलीत आणि तिच्यावर बसलात. "आधी मले उचला, मंग फळी काढा."

त्याच वेळी ढग फाटला. डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ ऊन पडलं. सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर, खांबापाशी मी एकटी. सावली दगडाच्या वीतभर पुढे गेलेली मी पाहिली. तुम्ही घाई केली नव्हती, उलट उशीरच केला होता. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी पदर सारखा केला आणि गप्प राहिले.

तुम्हाला उचलायला कुणी धजलं नाही, म्हणून त्या दिवशी डोकी फुटली नाहीत. पण संध्याकाळी पंचांनी तुमची पाटकऱ्याची काठी काढून घेतली. भाऊ महिनाभर तुमच्याशी बोलला नाही. आषाढात तुम्ही गेलात, आणि पुढचं तुम्हाला कळलंच नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तसाच दिवस आला. या खेपेला पाणी आमच्या पाटात आणि काठ्या घेऊन उभी माझ्या सासरची माणसं. आमचे पाटकरी म्हणजे माझे चुलतसासरे. दुपारची पाळी संपल्याचं त्यांना सांगायचं होतं, आणि आमचं अर्धं शेत कोरडं होतं. त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नानानी तवय पाणी सोडं. आज सोडानी बारी आपली शे." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं फळी टाकली. काठ्या घेऊन आलेले तसेच खाली बसले. त्यानंतर मी तिथं होते तोवर बंधाऱ्यावर कुणी काठी आणली नाही. हे ऐकायला तुम्ही हवे होतात नाना, फार हवे होतात.

सासरच्या बाईची साक्ष आपल्या गावात कोण मानणार होतं, म्हणून मी बोलले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. खांबापाशी उभी असताना साक्षीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. ज्या शेतातलं मी खाणार होते ते पलीकडे सुकत होतं, तरी मला भाऊचा गहू दिसत होता. कुणीतरी तुम्हाला फळीवरून उचलावं, असं मला वाटत होतं.