‘छाप दिली’

नंदुरबार, ३ फेब्रुवारी १९३९
घडले ते क्रमाने.
१. दिवाळीनंतर चुनीलालशेठनी तूरडाळीच्या पोत्यांसाठी माझ्याकडे चित्र मागितले.
२. तळोद्याच्या बाजारात टोपल्या विकणारी जमना दोन दुपारी माझ्यासमोर बसली. चेहरा फक्त डाळीच्या पोत्यावर जाईल, असा शब्द मी तिला दिला.
३. चित्र दिले. शेठच्या मुनीमजींनी लिहिलेल्या पावतीवर सही केली.
४. आज तेच चित्र विडीच्या पुड्यावर पाहिले. जमनाच्या ओठांत विडी. ती रेघ माझी नाही.

५ फेब्रु.
तळोदा. जमनाने टोपल्या मांडल्याच नव्हत्या.
"बाई, मन्हा तोंडमा बिडी कोनी घाली? बाजारमा सगळा हासतस. धनी म्हनस, आते बाजारले जाऊ नको."
‘शेठना विचारते,’ मी म्हणाले. हे उत्तर नव्हे, तिलाही कळले.

७ फेब्रु.
शेठच्या पेढीवर. विडीचा कारखाना त्यांच्या मेव्हण्याचा. शेठ अगदी प्रसन्न.
"वाघछाप मालावरचा वाघ कुणाचा, बाई? मालकाचा. वाघानं कधी तक्रार केली?"
वाघ दोन दुपारी समोर बसत नाही, हे घरी आल्यावर सुचले.
मग त्यांनी पावती दाखवली. ‘चित्राची छाप दिली. मोबदला पोहोचला.’ खाली माझी सही, ठळक.
शिळाछापाच्या वर्गात तीन वर्षे छाप म्हणजे दगडावरून काढलेली छपाई. त्या अर्थाने सही केली. पेढीवर छाप म्हणजे मालाची निशाणी, कायमची. दगडावर अक्षर उलटे काढताना तीनदा तपासते. इथे सुलटे होते, एकदाच वाचले.

९ फेब्रु.
अप्पांचे मित्र वकीलकाका यांच्याकडे. ते म्हणाले, कायद्याने चित्र काढणाऱ्याचे, सहीनिशी लिहून दिले तरच दुसऱ्याचे.
"आणि तू लिहून दिलंस की नाही, ते त्या एका शब्दावर. कोर्टात दोन्ही अर्थ उभे राहतील, पोरी. बोलणं झालं तेव्हा तिथं कोण होतं?"
मुनीमजी. दुसरे कोणी नाही.

१० फेब्रु.
सकाळी मुनीमजींच्या घरी. ओसरीवर, दाराकडे पाहत बोलले.
"ताई, पोतासाठेच ठरनं व्हतं, माले याद शे. पन लिखी देवाव नही. पेढीवर वीस वरीस गयात मन्हा."
"मग छाप हा शब्द का घातलात?"
"दुकानमा दुसरा शब्द कोनता शे?"
खरे बोलतात, म्हणून जास्त राग.
अप्पा म्हणतात, सोडून दे, दुसरे चित्र काढ. चित्र दुसरे निघेल. चेहरा तर...

११ फेब्रु.
पत्र टपालात टाकले. नक्कल:

श्री. चुनीलालशेठ यांस,
चित्र मी डाळीच्या पोत्यांवर छापण्यापुरते दिले होते. विडीसाठी दिले नाही. त्यात बदल करण्याची परवानगीही दिली नाही. डाळीवर ते राहण्यास हरकत नाही. विडीच्या पुड्यांवरून ते काढावे आणि छापून ठेवलेले पुडे बाजारात पाठवू नयेत. ज्या बाईचा हा चेहरा आहे तिचा बाजार बंद झाला आहे. आपण काय करणार ते शनिवार, दि. १८ फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवावे.